मदत हवी आहे: १ मीटर बाय १ मीटरचं पोस्टर ठाण्यात उद्यापर्यंत कुठे छापून मिळेल?

भातुकली_ठाणे: नमस्कार. परवा पोस्टर स्पर्धा आहे. पोस्टर तयार आहे, फक्त छापायचंय. स्टेशनजवळच्या तीन दुकानांत फिरले, सगळे म्हणतात फ्लेक्स करा. मला कागद हवाय. एकाने तर हे माप बसतच नाही म्हणून हाकललं. वर त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर 'क्षारता'चे तुकडे झाले, क् वेगळा, ष वेगळा. दुसरं, सर म्हणाले ग्राफला एरर बार टाक, म्हणजे आकडा किती वर-खाली होऊ शकतो ते दाखवणाऱ्या रेघा. एक्सेलमध्ये अधिकचं चिन्ह दाबलं की आपोआप येतात ते चालतील ना? प्लीज लवकर सांगा, प्रवचन नको.

नौपाडा_नाना: भावा, फ्लेक्सच कर. पाऊस लागला तरी काही होत नाही आणि नंतर गॅलरीत ताडपत्री म्हणून वापरता येतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीचं फ्लेक्स अजून माळ्यावर आहे.

भातुकली_ठाणे: काका, मी मुलगी आहे. आणि फ्लेक्स चमकतं, हॉलमधल्या दिव्याखाली वाचताच येत नाही.

कोपरखैरणे४२: स्पर्धा कसली, विषय कोणता, फाइल कशात केलीय, यातलं काहीच लिहिलं नाहीस. आविष्कार आहे का, ती विद्यापीठांची संशोधन स्पर्धा?

भातुकली_ठाणे: आविष्कार नाही, शेती संशोधनाची वेगळी आहे, नेरुळला. मी टीवायला बॉटनी. विषय: खाऱ्या पाण्यात भाताची उगवण. फाइल पॉवरपॉइंटमध्ये. छपाईचं सांगा ना कोणीतरी.

प्लॉटरवाला: मी सांगतो. दुकानदाराने तुला उगाच नाही हाकललं. बहुतेक ठिकाणी ३६ इंची रोलचं मशीन असतं, म्हणजे ९१ सेंटिमीटर. ए-झिरो कागद ८४ सेंटिमीटर रुंद, तो त्यावर आरामात निघतो. तुझं पोस्टर चौरस, दोन्हीकडून १०० सेंटिमीटर, कसंही फिरव, बसणार नाही. तुला ४२ इंची रोल लागणार. 'पोस्टर छापता का' असं विचारू नकोस, 'बेचाळीसचा प्लॉटर आहे का' असं विचार, प्लॉटर म्हणजे रोलवर छापणारं मोठं मशीन. आर्किटेक्ट लोकांचे नकाशे काढणारी दुकानं असतात ना, तिथे असतो. जाण्याआधी फोन कर, रोल संपलेला असतो. जोडाक्षरांचं म्हणशील तर पॉवरपॉइंटची फाइल देऊच नकोस. घरीच पीडीएफ कर, फॉन्ट आत बसवून. आणि स्लाइडचं माप १०० बाय १०० सेंटिमीटर केलंयस ना? छोट्या स्लाइडवर करून ताणलंस तर फोटो फुटतील.

भातुकली_ठाणे: माप केलंय. थँक्यू दादा!! आता फक्त एरर बार.

बीजांकुर: ते आपोआप येणारे बार अजिबात टाकू नकोस. एक्सेल तुझ्या खांबांच्या उंचीवरूनच एक आकडा काढतं आणि तोच सगळ्या खांबांना चिकटवतं. नीट बघ, सगळे बार सारख्या लांबीचे दिसतील. परीक्षक लांबूनच ओळखतो. मिठाच्या प्रत्येक तीव्रतेला किती रेप्लिकेशन होती, म्हणजे तोच प्रयोग किती वेळा स्वतंत्रपणे केलास?

भातुकली_ठाणे: १०० बिया प्रत्येकी.

बीजांकुर: बिया नाही विचारल्या. ताटल्या किती? एकाच ताटलीत १०० असतील तर रेप्लिकेशन एकच, बिया कितीही असू देत. एका ताटलीतल्या सगळ्या बिया तेच पाणी पितात.

भातुकली_ठाणे: अच्छा. २५ बियांच्या चार ताटल्या. वहीत वेगळं लिहिलंय, पोस्टरवर बेरीज टाकली. हा ग्राफ बघा, फोटो जोडलाय.

उरणकर: बियाणं कुठलं आणलंस? आमच्याकडे खाजणात पूर्वी राता लावायचे, भुरा राता, काळा राता. तांदूळ लाल, भाकरी गोड. उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी कुजली की भरतीचं पाणी आत यायचं, तरी तो उभा राहायचा. आता बांध दुरुस्त करायला माणूस नाही. आमच्या आजोबांची सहा एकरं होती, आज तिथे कंटेनर उभे आहेत.

भातुकली_ठाणे: राताच आहे! मामाकडून आणला.

कोपरखैरणे४२: फक्त राता? मग तो खार सोसतो हे कशाच्या तुलनेत म्हणणार?

भातुकली_ठाणे: दोन वाण आहेत, राता आणि कर्जत-३. लिहायचं राहिलं.

वाशी_सेक्टर१७: पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खाऱ्या जमिनीसाठीचे वाण तिथलेच. कर्जत-३ ऐवजी ते घ्यायला हवे होते.

भातुकली_ठाणे: परवा स्पर्धा आहे काका :(

आई_ऐरोली: माझ्या भाचीला बीएस्सी ॲग्रीला घालायचंय, सीईटीला गणिताचा ग्रुप चालतो की बायोलॉजीच लागते? इथे जाणकार दिसताहेत म्हणून विचारलं.

बीजांकुर: ताई, वेगळा धागा काढा. @भातुकली_ठाणे, ग्राफ पाहिला. आडव्या अक्षावर ०, ५०, १००, १५०, पण कशाचे? ग्रॅम, पीपीएम, की मिलिमोलर? आणि राताचा १०० वरचा आकडा ८६.६७ टक्के कसा आला? १०० बियांमधून अपूर्णांक निघतच नाही.

भातुकली_ठाणे: अर्थात मिलिमोलर. आणि त्या एका ताटलीला बुरशी आली म्हणून ती धरली नाही.

बीजांकुर: म्हणजे ७५ पैकी ६५. त्या ताटलीत किती उगवल्या होत्या?

भातुकली_ठाणे: ९. बाकीच्या तिघींत २२, २१, २२.

कोपरखैरणे४२: म्हणजे चारही धरल्या तर ७४ टक्के. आणि तू पोस्टरवर लिहिलंस १०० बिया, ८६.६७. हे परीक्षकाला कळलं तर बाकीचं कितीही सुंदर छाप.

नौपाडा_नाना: अहो पोरगी आहे, एवढं काय. आमच्या वेळी जर्नलमधली रीडिंगं आम्ही मित्राचीच उतरवायचो.

कोपरखैरणे४२: म्हणूनच नाना तुम्ही बँकेत गेलात.

बीजांकुर: ताटली वगळणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा. पण आधी सांग, बुरशी फक्त त्याच ताटलीत होती का?

भातुकली_ठाणे: ...कर्जत-३ च्या दोघींत पण थोडी होती. त्यांचे आकडे बरे होते म्हणून ठेवल्या.

बीजांकुर: मग ७४ च लिही. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, असं चालत नाही. ग्राफखाली एक ओळ टाक: 'एका ताटलीत बुरशीचा प्रादुर्भाव, ती वगळल्यास ८६.६७ टक्के.' बार प्रत्येक गटाच्या चार ताटल्यांवरून काढ. त्या गटाचा बार लांबलचक येईल, येऊ दे, तोच खरा आहे. आणि स्वतःहून ताटलीकडे बोट दाखव, विचारायची वाट बघू नकोस.

कोपरखैरणे४२: टक्केवारी आहे, आधी आर्कसाइन ट्रान्सफॉर्मेशन करायला सांगा तिला, म्हणजे सूत्राने आकडे बदलून मग गणित.

बीजांकुर: आज रात्री नको. तिला धड एनोव्हा करू दे, गटांमधला फरक खरा की योगायोग ते तपासणारी चाचणी.

कोपरखैरणे४२: आमच्या कृषी कॉलेजात त्याशिवाय सीडी (क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) काढूच द्यायचे नाहीत.

बीजांकुर: माहीत आहे, मीही तिथलाच. अनोळखी शब्द पोस्टरवर छापून समोर उभं राहायचं तिला आहे, तुम्हाला नाही. पोरी, वेळ नसेल तर दोन्ही वाणांचं वन-वे एनोव्हा वेगवेगळं कर, एक्सेलमध्ये होतं. फक्त मग 'राता कर्जत-३ पेक्षा सरस ठरला' असं शीर्षक ठेवू नकोस, ती तुलना तू तपासलेलीच नसशील. आणि मिलिमोलरच्या शेजारी ईसी, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता, लिही. १०० मिलिमोलर मीठ म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम, ईसी अंदाजे १० डेसिसिमेन्स प्रति मीटर. शेतीवाल्या परीक्षकाच्या डोक्यात ४ च्या वर खारी जमीन हेच बसलेलं असतं, त्याला तुझं मिलिमोलर घरचं वाटत नाही.

भातुकली_ठाणे: शीर्षक तेच आहे. 'राता सरस.' बदलते. सरांना ताटलीचं सांगितलं नव्हतं, आत्ता फोन केला. ओरडले, मग म्हणाले वही बरोबर घेऊन जा.

भातुकली_ठाणे: (दुसऱ्या दिवशी) छापलं! नकाशेवाल्याकडे ४२ चा रोल होता. 'क्षारता' अख्खी आली. आता संध्याकाळच्या ठाणे-नेरुळ गाडीत हे न चुरगळता न्यायचं कसं? नळी कुठे मिळते?

आई_ऐरोली: कापडाच्या दुकानात जा. ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी असते, फेकूनच देतात, मागितली की मिळते. लेकाचा नकाशा मी त्यातूनच पाठवला होता. आणि सीईटीचं कोणीच सांगितलं नाही अजून.