सी सीरम तपकिरी झालंय, टाकू की वापरू?

ए-२०१: मंडळी, व्हिटॅमिन सी सीरमला कोऱ्या चहासारखा रंग आलाय. उघडून दीड महिना झाला, एक्स्पायरी पुढच्या वर्षीची आहे. चालेल का?

सी-१०२ केमिस्ट: मागे 'एल-अस्कॉर्बिक अ‍ॅसिड' लिहिलंय का वैनी? असेल तर टाका. एक्स्पायरी बंद बाटलीची असते. उघडल्यावर हवा लागते, सी आधी डिहायड्रोअस्कॉर्बिक अ‍ॅसिड होतं, तेही तुटलं की मग परतीची वाट नाही. रंग त्या पुढच्या तुकड्यांचा. फिकट पिवळं असतं तर म्हटलं असतं, भरभर संपवा. तपकिरी सीरमचा उपयोग नाही, वर उशीच्या अभ्र्यावर डाग.

ए-२०१: बाथरूममध्येच ठेवते, गीझरजवळच्या फडताळात.

सी-१०२ केमिस्ट: तिथेच घोळ. कपाटात अंधारात ठेवा, नाहीतर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, दारात नको. आणखी एक, ड्रॉपरचं टोक ओल्या तळहाताला टेकवून परत बाटलीत घालतो ना आपण? बोअरच्या पाण्यात लोह असतं. लोह किंवा तांबं कणभर गेलं तरी ऑक्सिडेशन वेगाने होतं. चांगल्या सीरममध्ये ईडीटीए, म्हणजे धातू पकडून ठेवणारं रसायन, घालतात ते याचसाठी. हात पुसून, थेंब वरून पाडायचे.

बी-३०४: टँकर आला, गेटजवळची पांढरी गाडी मागे घ्या!!

ए-४०३: १० टक्केवालं घ्यावं की २०?

सी-१०२ केमिस्ट: १० ते १५ पुरे. २० च्या वर त्वचेत जास्त उतरत नाही, चुरचुर मात्र वाढते. टक्क्यांपेक्षा पीएच बघा, ३.५ च्या खाली हवा, नाहीतर आत शिरतच नाही. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड असेल तर उत्तम. ड्यूक विद्यापीठात पिनेल यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलंय: १५ टक्के सी आणि १ टक्का ई यांनी उन्हापासून साधारण ४ पट संरक्षण मिळालं, त्यात अर्धा टक्का फेरुलिक घातल्यावर ८ पट. ई स्निग्धात राहून झीज अडवतं, तिथे ते खर्ची पडलं की सी त्याला पुन्हा कामाला लावतं. फेरुलिक दोघांना टिकवतं. भाताच्या कोंड्यातही असतं ते.

डी-१०१: म्हणजे उकड्या तांदळाची पेज तोंडाला फासू? 😄

सी-१०२ केमिस्ट: पेज प्या काका, मिस्कुटाच्या लोणच्यासोबत.

डी-१०१: आणि लिंबू? काजूच्या बोंडूत तर संत्र्याच्या कितीतरी पट सी असतं म्हणतात.

बी-२०२ त्वचारोग डॉक्टर: असतं, पण ते खायला. लिंबाच्या १०० मिलीत सी साधारण ५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्का. आंबटपणा मुख्यतः सायट्रिक अ‍ॅसिडचा, पीएच २ च्या आसपास. लिंबू, विशेषतः सालीचा रस, लावून उन्हात गेलं की फोड येतात आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने जात नाहीत. बोंडूचं तर नावच नको, काजूच्या टरफलाचं तेल लागलं तर भाजल्यासारखं होतं. ई ची कॅप्सूल फोडून लावणंही थांबवा. त्यातलं टोकोफेरिल अ‍ॅसिटेट तसंच्या तसं कामाचं नाही, या दमट हवेत पुटकुळ्या मात्र येतात, काहींना अ‍ॅलर्जीही.

ए-४०३: डॉक्टर, चवथीला तीन आठवडे आहेत. रेटिनॉल सुरू केलं तर चेहरा उजळेल?

बी-२०२ त्वचारोग डॉक्टर: चवथीनंतर करा. रेटिनॉल हे व्हिटॅमिन ए चं रूप, पहिले काही आठवडे त्वचा लाल होते, सोलते, गणपतीच्या माटोळीखाली तसाच चेहरा दिसेल. फरक दिसायला १२ आठवडे तरी लागतात. सुरुवात ०.२ ते ०.३ टक्क्याने, आठवड्यातून दोन रात्री. तोंड धुऊन, पूर्ण कोरडं करून, वाटाण्याएवढं अख्ख्या चेहऱ्याला. डोळ्यांच्या कडा आणि नाकाच्या बाजू सोडून. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मुळीच नको. तोवर ४-५ टक्के नायसिनामाइड (बी३ व्हिटॅमिन) लावा, ते सहसा त्रास देत नाही.

ए-२०१: आणि पावसात सनस्क्रीन कशाला?

बी-२०२ त्वचारोग डॉक्टर: ढगांतून आणि काचेतून उन्हातले यूव्हीए किरण येतात, सुरकुत्यांचं मोठं कारण तेच. सीरम सनस्क्रीनच्या जागी नाही, त्याच्या खाली. एसपीएफ ५० चं माप दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅमचं, म्हणजे चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. आपण त्याच्या निम्मंही लावत नाही, मग क्रीमला नावं ठेवतो. स्कूटरवाल्यांनी हातांच्या पाठी विसरू नयेत, हँडलवर सगळं ऊन तिथेच पडतं. वांग असेल तर रंगीत, आयर्न ऑक्साइडवालं घ्या.

ए-२०१: नवीन सीरम ३० मिलीचं मागवते मग, सूट आहे.

सी-१०२ केमिस्ट: नको वैनी. एका वेळचे पाच थेंब म्हणजे पाव मिली. १५ मिली दोन महिने पुरतं, ३० चार महिने, तोवर परत कोरा चहा. एअरलेस पंपवालं १५ मिली घ्या, उघडल्याची तारीख मार्करने खाली लिहा. एवढं सांभाळणं जमत नसेल तर ३-ओ-इथाइल अस्कॉर्बिक अ‍ॅसिडवालं बघा. सी चंच एक रूप ते, त्यावर अभ्यास कमी आहेत, पण टिकतं.

ए-२०१: देव बरें करूं. जुनं बेसिनमध्ये ओतू?

सी-१०२ केमिस्ट: ओता, वर पाणी सोडा. बाटली सुक्या कचऱ्यात.