कॉर्डलेस जिगसॉ: नुसती बॉडी घेऊ की बॅटरीसकट सेट?

वाकडी करवत
मंडळी, सल्ला हवाय. मी हौशी सुतार, म्हणजे सुट्टीच्या दिवशी गच्चीत भुसा करणारा. आजवर हातकरवतीवर भागलं. आता मुलीच्या खोलीसाठी ढगाच्या आकाराचं शेल्फ करायचंय (१८ मिमी प्लाय), आणि नंतर ४० मिमी जाडीच्या लाकडी टॉपला सिंकसाठी चौकोनी भोक पाडायचंय. त्यासाठी जिगसॉ घ्यायचीय, म्हणजे वर-खाली होणाऱ्या अरुंद ब्लेडने वळणंही कापणारी हातातली मशीन. गच्चीत प्लग नाही, म्हणून कॉर्डलेस.

घरात १२ व्होल्टचं ड्रिल आहे, त्याच्या २ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) दोन बॅटऱ्या आहेत. त्याच कंपनीच्या जिगसॉची नुसती बॉडी मिळतेय. दुसरा पर्याय १८ व्होल्टचा सेट. त्यात पुन्हा दोन प्रकार: २ एएचच्या दोन बॅटऱ्या, नाहीतर ५ एएचची एकच. शिवाय एका मशीनवर २० व्होल्ट लिहिलंय. ते १८ पेक्षा दणकट असतं का? आठवडाभर नुसते खोके बघतोय.

खिळेमोळे
२० चं आधी मिटवू. १८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे ५ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकी ३.६ धरले तर १८. पूर्ण चार्ज केल्यावर लगेच मोजलं तर प्रत्येकी ४ च्या वर, म्हणजे २० आणि थोडे. डिवॉल्ट अमेरिकेत ज्याला '२० व्होल्ट मॅक्स' म्हणतं तेच युरोपात १८ म्हणून विकतं. तसंच तुमचं १२ म्हणजे खरं तर १०.८, तीन सेल.

आता तुमच्या ड्रिलच्या बॅटरीचं. जाड लाकडात जिगसॉने समजा ३०० वॅट ओढले, तर १८ व्होल्टला सतरा-एक अँपिअर लागतात आणि १०.८ ला जवळजवळ अठ्ठावीस. छोटी बॅटरी तिथे धापा टाकते. ढगाचं शेल्फ १२ वर सावकाश होईल. ४० मिमीच्या टॉपला मात्र तुमचा आणि मशीनचा, दोघांचा जीव जाईल.

भुसाचार्य
खिळेमोळेंशी सहमत. फक्त एक भर. जिगसॉ निवडताय असं वाटतं, पण तुम्ही निवडताय बॅटरीची खाच. उद्या सँडर, परवा सर्क्युलर सॉ, सगळं त्याच खाचेत बसवावं लागणार. आणि एकच कंपनी म्हणजे एकच बॅटरी, असं समजू नका. बॉशच्या निळ्या आणि हिरव्या मशीनच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकींत बसत नाहीत. मकिटाच्या १८ आणि ४० व्होल्टच्या खाचाही वेगळ्या. तेव्हा पुढे कोणती मशीनं लागतील ते आधी कागदावर लिहा, जिगसॉ त्यानंतर.

वाकडी करवत
पटलं. मग १८ च. पण ५ एएचची एक की २ च्या दोन? आकड्याने तर ५ मोठी.

खिळेमोळे
५ च घ्या. १८ गुणिले ५ म्हणजे ९० वॅट-अवर, दोनच्या दोन मिळूनही ७२ च. शिवाय मोठ्या बॅटरीत बहुधा सेलच्या दोन रांगा असतात. भार वाटला जातो, सेल कमी तापतात.

रंध्याची राणी
इथे माझा विरोध नोंदवा. 🙂 हे गणित सर्क्युलर सॉसाठी अगदी बरोबर, जिगसॉसाठी नाही. जिगसॉ उभ्या अंगाची आणि अरुंद तळाची. मागे ५ एएचचा ठोकळा लटकला की वळणावर ती मागे कलंडायला बघते, आणि आपण नकळत मनगटाने तिला सावरत बसतो. ढगाची वळणं कापायची असतील तर हलकी बॅटरीच बरी. जिगसॉचं काम तसंही तुटक: मिनिटभर कापा, थांबा, क्लॅम्प सरकवा, रेघ फुंका. एक चार्जिंगला, एक मशीनमध्ये. गच्चीत प्लग नसताना एकुलती एक बॅटरी संपली, तर ती चार्ज होईपर्यंत करणार काय?

आणि तुम्ही सगळे बॅटरीवर भांडताय, ब्लेडचं कुणीच विचारलं नाही! मशीनबरोबर येणारं ब्लेड कामचलाऊ असतं. टी-शँकची (मशीनमध्ये अडकणारं टोक इंग्रजी टी च्या आकाराचं) ब्लेडं घेणारंच मशीन घ्या, ती सगळीकडे मिळतात. प्लायच्या सरळ कापाला टी१०१बी, बारीक वळणाला अरुंद पाठीचं टी१०१एओ, जाड लाकडाला मोठ्या दातांचं टी१४४डी. साध्या ब्लेडचे दात वर तोंड करून असतात, म्हणजे वर येताना कापतात. त्यामुळे कपच्या वरच्या बाजूला उडतात. दर्शनी बाजू खाली ठेवून मागून कापा. ते शक्य नसेल तर उलट्या दातांचं टी१०१बीआर आहे, पण ते मशीनला वर ढकलतं, दाबून धरावं लागतं.

भुसाचार्य
राणीताई, ब्लेडबद्दल +१. पेंड्युलमचा खटकाही विसरू नका. ० वर ब्लेड फक्त वर-खाली होतं, ३ वर पुढेही झेप घेतं. वळणाला आणि धातूला ०. जाड लाकडात सरळ कापताना २-३. मी पहिलं वर्षभर सगळं ३ वर कापलं आणि 'प्लायच हलका आहे' म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या.

खिळेमोळे
बरं, हरलो. 🙏 दोन छोट्या घ्या. जमलं तर ब्रशलेस (आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली) मोटर बघा, तेवढ्याच बॅटरीत जास्त काम निघतं. बाहेरच्या स्वस्त 'चालेल हो' बॅटरीच्या नादी मात्र लागू नका. माझी एक चार्जरवरच फुगली होती, सुदैवाने मी तिथेच होतो. आणि वापर नसेल तर बॅटरी अर्धवट चार्जवर ठेवा. काठोकाठ भरून उन्हात ठेवलेली लवकर म्हातारी होते.

वाकडी करवत
अपडेट: १८ व्होल्ट, ब्रशलेस, वर मूठ असलेली, २ एएचच्या दोन बॅटऱ्या. ढग झाला! दुसरी बॅटरी लागलीच नाही. पण एक गंमत झाली. वरून रेघ तंतोतंत, पालथा केला तर एका फुगवट्याची कड तिरकी. तळपट्टी काटकोनात आहे, गुण्याने तपासली.

रंध्याची राणी
वळणावर ढकललंत. ब्लेड वरच्याच टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. बाजूने जोर दिला की ते टोक वाट सोडतं. वेग पूर्ण ठेवा आणि फक्त दिशा द्या, पुढे नेण्याचं काम ब्लेडला करू द्या. फार अरुंद वळण असेल तर टाकाऊ बाजूने रेघेपर्यंत आडवे छेद घ्या, तुकडे गळून पडतात आणि ब्लेडला फिरायला जागा मिळते. आत्ताची कड सँडपेपरने निघेल.

वाकडी करवत
हेच केलं होतं, ढकललं. आता रविवारी सिंक. चार कोपऱ्यांना १२ मिमीची भोकं पाडून कापायला सुरुवात करणार. आणखी काही?

भुसाचार्य
आधी दोन्ही लांब बाजू कापा. मग मधोमध एक पट्टी आडवी टाका, तिची टोकं टॉपवर टेकलेली, स्क्रू फक्त पडणाऱ्या तुकड्यात. नाहीतर शेवटच्या दोन इंचांत तुकडा स्वतःच्या वजनाने खाली जातो आणि कोपरा फाडून नेतो. आणि त्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवा, ४० मिमी म्हणजे ढग नव्हे.