इलेव्हन प्लसनंतरची सात वर्षं: सिलेक्टिव्ह, मुलामुलींच्या एकत्र इंडिपेंडंट शाळेबद्दल सल्ला हवा

केतकीपान:
नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, लेक प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात, इयर ६ मध्ये आहे. जानेवारीत इलेव्हन प्लस म्हणजे अकराव्या वर्षीची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत झाली आणि आता एका इंडिपेंडंट, म्हणजे फी घेणाऱ्या खासगी शाळेकडून ऑफर आली आहे. शाळा मुलामुलींची एकत्र आहे आणि अभ्यासाच्या जोरावरच प्रवेश देते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात होय-नाही कळवून डिपॉझिट भरायचं आहे. सरकारी शाळेचं १ मार्चला कळेल. तीही बरी आहे आणि घरापासून चालत जाण्याइतकी जवळ.

प्रवेश कसा मिळवायचा यावर हवं तेवढं वाचायला मिळतं. आत गेल्यावर पोर जगते कशी, यावर फारसं काही सापडत नाही. आम्ही दोघंही मराठी माध्यमात शिकलो, त्यामुळे या शाळांचा आतला व्यवहार आम्हाला नवा आहे. लेक आत्ता वर्गात गणितात पहिली असते. तिथे सगळीच पहिली आलेली मुलं असणार. ती शांत आहे, उत्तर येत असूनही हात वर करत नाही. मला खरी काळजी त्याचीच आहे. ज्यांची मुलं अशा शाळांत आहेत किंवा होती, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनीवही:
केतकीपान, अभिनंदन. माझा मुलगा अशा शाळेतून गेल्या उन्हाळ्यात ए-लेव्हल (अठराव्या वर्षीच्या शेवटच्या परीक्षा) करून बाहेर पडला, धाकटी इयर १० मध्ये आहे. तुमची काळजी अगदी रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

इयर ७ च्या ऑक्टोबरमध्ये मुलाची गणिताची पहिली चाचणी झाली. गुण वाईट नव्हते, पण वर्गात तो मधोमध आला. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यानंतर दर सोमवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. मी काय केलं, तर इलेव्हन प्लसची शिकवणी चालूच ठेवली आणि वर आणखी एक तास वाढवला. ती माझी चूक होती आणि तिची किंमत त्याने मोजली. डिसेंबरपर्यंत त्याने पुस्तकं वाचणंसुद्धा सोडलं.

मार्ग दाखवला तो त्याच्या फॉर्म ट्यूटरने, म्हणजे वर्गशिक्षकांनी. त्यांनी फोन करून दोनच गोष्टी सांगितल्या: शिकवणी थांबवा आणि त्याला नाटकाच्या प्रकाशयोजनेच्या गटात येऊ द्या. तिथे त्याला इयर १० ची मुलं भेटली, जी स्वतःही कधीतरी मधोमध आली होती आणि मजेत होती. पुढे पाच वर्षं तो त्या केबल गुंडाळण्यात रमला. गणितात तो पहिला कधीच आला नाही. ए-लेव्हलला मात्र गणितच घेतलं आणि आवडीने केलं.

म्हणून शाळेला निकाल विचारू नका, ते छापलेलेच असतात. विचारा की वीस जणांच्या वर्गातल्या बाराव्या मुलासाठी तुम्ही काय करता. उत्तर देताना शिक्षकांना एखादं खरं मूल आठवतंय की नुसती ठरलेली वाक्यं येतायत, ते लगेच समजतं. दुसरा प्रश्न: इयर ११ नंतर किती मुलं शाळा सोडतात आणि का? बऱ्याच सिलेक्टिव्ह शाळांत सिक्स्थ फॉर्मला (शेवटच्या दोन वर्षांना) जायलाही जीसीएसईच्या, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या परीक्षांच्या, ठरावीक ग्रेड लागतात. ११व्या वर्षी मिळालेली जागा १८व्या वर्षापर्यंत पक्की, असं आम्ही धरून चाललो होतो. ते करारात नव्हतं.

आकडेमोड:
खर्चाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ जानेवारी २०२५ पासून फीवर २० टक्के व्हॅट लागतो, त्यामुळे त्याआधीचे आकडे कुठे वाचलेत तर ते बाजूला ठेवा. जेवण, बस, सहली, वाद्याचे वैयक्तिक धडे आणि परीक्षा शुल्क फीत धरलंय की वेगळं, हे लेखी मागा. फी दरवर्षी वाढते, तेव्हा हिशेब सातही वर्षांचा करा.

बर्सरी आणि स्कॉलरशिप एक समजू नका. बर्सरी म्हणजे फीसाठीची मदत; ती उत्पन्न तपासून देतात आणि सहसा दरवर्षी पुन्हा तपासतात. स्कॉलरशिपमध्ये मान मोठा असतो, फीतली सूट बहुतेकदा छोटी. आणखी एक: शाळा सोडायची तर सहसा पूर्ण एका टर्मची लेखी नोटीस लागते, नाहीतर एका टर्मची फी भरावी लागते. सही करण्यापूर्वी तेवढं कलम जरूर वाचा.

रातराणी:
ताई, मी स्वतः अशा शाळेत सात वर्षं होते, आता विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. मीही हात वर न करणारी.

मुलं-मुली एकत्र असण्याबद्दल सांगते. मैत्रीच्या बाबतीत मला ते फार चांगलं गेलं. मुलगे माझ्यासाठी कधी परके प्राणी नव्हते. पण इयर ९ च्या फिजिक्सच्या तासाला एक गोष्ट सवयीची होऊन बसली होती. उपकरणं मुलगे जोडायचे आणि नोंदी आम्ही मुली लिहायचो. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआपच होत होतं. नवीन मॅडम आल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी नियम केला की प्रत्येक प्रयोगाला कामं बदलायची. सर्किट पहिल्यांदा मी तेव्हा जोडलं. आज मी इंजिनिअरिंग शिकतेय, त्याची सुरुवात मला तिथेच दिसते.

तर शाळेत ए-लेव्हल फिजिक्स आणि फर्दर मॅथ्स (वरच्या पातळीचं गणित) घेणाऱ्या मुली किती, हा आकडा विचारा. शाळा मुलींना कधीपासून घेते तेही विचारा. मार्लबरोसारख्या जुन्या शाळेत १९६८ मध्ये मुली फक्त सिक्स्थ फॉर्ममध्ये आल्या, सगळ्या वर्गांत यायला १९८९ उजाडलं. बेडेल्समध्ये १८९८ पासून मुली आहेत. जिथे बदल अलीकडचा आहे तिथे संघ, मैदानाच्या वेळा, मुलींचं चेंजिंग रूम हे डोळ्यांनी बघून या.

दिवस लांब असतो. मी सातला घर सोडायचे आणि क्लब असला की सहाला परतायचे. इयर ९ मध्ये जीसीएसईचे विषय निवडायचे, त्याच सुमारास ड्यूक ऑफ एडिनबरा या मुलांसाठीच्या पुरस्कार उपक्रमाचं ब्रॉन्झ, म्हणजे पहिली पायरी. पावसात तंबू ठोकताना वर्गातली हुशारी काही कामाला येत नाही, आणि मला तेच आवडलं. सर्वांत जड गेला तो शेवटच्या वर्षाचा सप्टेंबर. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिसिनचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत जातात, त्यामुळे कॉमन रूममध्ये दुसरा विषयच नसतो. मी त्यातलं काहीच भरत नव्हते, तरी झोप उडाली होती. तेव्हा घरी आईने एकदाही ‘बाकीचे कुठे भरतायत?’ विचारलं नाही. त्याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे.

चालतपायी:
थोडं वेगळं मत मांडतो. आमच्या मुलीने ऑफर नाकारली आणि जवळच्या सरकारी शाळेत गेली. रोजचा दीड तास वाचला, त्यात ती व्हायोलिन वाजवते. १६व्या वर्षी सिक्स्थ फॉर्मला पुन्हा प्रवेश मिळतो, तेव्हा बघू. पोर दमून घरी येणार असेल तर शाळा कितीही चांगली असली तरी विचार करावा.

केतकीपान:
सगळ्यांचे मनापासून आभार. जुनीवही, शिकवणी आजच बंद केली. लेकीला सांगितलं तर तिने विचारलं, “म्हणजे मी नापास झाले का?” ऐकून पोटात गोळा आला. बराच वेळ जवळ घेऊन बसले होते.

तिला तुमच्या मुलाची केबलची गोष्ट सांगितली. रातराणी, तुझी सर्किटचीही. मग तिने स्वतःहून विचारलं की तिथे पक्ष्यांचा क्लब आहे का. मला माहीतच नव्हतं.

जुनीवही:
हा प्रश्न तिलाच विचारू द्या. एक दिवस वर्गात बसू देतात का, ते शाळेला विचारा. बऱ्याच शाळा ऑफरनंतर देतात. खासगी शाळांची तपासणी करणाऱ्या इंडिपेंडंट स्कूल्स इन्स्पेक्टरेटचा अहवालही मोफत वाचता येतो. त्यात मुलांच्या देखभालीबद्दलचा भाग आधी वाचा. आणि एकदा भर सकाळच्या गर्दीत त्याच बसने जाऊन या.

केतकीपान:
मंगळवारी तिला वर्गात बसायला बोलावलं आहे. सव्वासातच्या बसने आम्ही दोघी जाणार. बाराव्या मुलाचा प्रश्न मी विचारेन, पक्ष्यांचा ती. आल्यावर इथे लिहिते.