फ्यूज खोचला की पेट्रोल वाचतं का?

केदार (डेन्व्हर): काका, जागे आहात का? गाडीचं विचारायचंय. माझी 2004 ची सुबारू आउटबॅक, ऑटोमॅटिक, चारही चाकांना ड्राइव्ह. ॲव्हरेज गॅलनला 23 मैल, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने लिटरला पावणेदहा. परवा बॉनेटखाली फ्यूजची एक रिकामी खोबण दिसली, झाकणावर एफडब्ल्यूडी, म्हणजे फ्रंट-व्हील ड्राइव्ह. तिथे साधा फ्यूज खोचला की मागच्या चाकांचा ड्राइव्ह सुटतो, फक्त पुढची चाकं गाडी ओढतात. डॅशबोर्डवर तसा दिवाही लागतो. कालपासून खोचून ठेवलाय. पेट्रोल वाचेल ना?

गौरी: दादा, वीस वर्षांच्या गाडीवर प्रयोग करायचे नसतात 😄

नितीन: माझ्या थारला टू-एच आहे, म्हणजे फक्त दोन चाकांचा ड्राइव्ह, मी कायम त्यातच चालवतो. तसंच असणार हे.

विनायककाका: नितीन, तसं नाही. तुझी थार मुळात मागच्या चाकांवर चालणारी, हवं तेव्हा पुढची जोडायची. जोडली की पुढचं-मागचं एकमेकांत जखडतं. कोरड्या डांबरावर वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, तेवढी सूट तिथे मिळत नाही. म्हणून टू-एच.

विनायककाका: केदारचं वेगळं. आपल्याकडे शेव्हर्लेच्या नावाने फॉरेस्टर विकायचे, आठवते? ती मुळात सुबारूच. पण ती मॅन्युअल, तिला ही खोबण नव्हती. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या शेपटाला क्लच प्लेट्सची चळत असते, तेलात बुडालेली. ती दाबली की मागे ताकद जाते. किती दाबायची ते एक सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा व्हॉल्व्ह, ठरवतो. गंमत अशी की करंट नसेल तर प्लेट्स पूर्ण दाबलेल्या, करंट पूर्ण दिला तर मोकळ्या. तुझा फ्यूज त्या सोलेनॉइडला सतत पूर्ण करंट देतोय.

केदार: म्हणजे मागचं सगळं बंद. मग वाचायलाच हवं.

विनायककाका: आता सांग, गाडी चालू असताना मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा दांडा, फिरतोय की थांबलाय?

केदार: थांबला असेल.

विनायककाका: मागची चाकं रस्त्यावर फिरतायत ना? चाक ॲक्सलला फिरवतं, ॲक्सल डिफरन्शियलला आणि डिफरन्शियल शाफ्टला. सगळं पूर्वीसारखंच गरगरतंय, तेलही तसंच घुसळलं जातंय. आधी इंजिन ते फिरवत होतं, आता रस्ता फिरवतोय, आणि त्याचे पैसे शेवटी इंजिनच भरतं. वजन एक ग्रॅमने कमी झालं नाही. एक बैल जुवातून सोडलास आणि त्यालाच उचलून गाडीत बसवलंस!

गौरी: 😂😂

केदार: मग कंपनीने ती खोबण दिली कशाला?

विनायककाका: स्टेपनीसाठी. तुमच्या डिकीत ते बारकं, सायकलसारखं चाक असतं ना, त्याचा घेर कमी. ते लावलं की एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फेरे मारतं, मधला क्लच सारखा घसरून तापतो. म्हणून तेवढ्यापुरता फ्यूज घाल, टायरवाल्यापर्यंत हळू जा, आणि काढ. महिनोन्‌महिने ठेवायची ती सोय नाही. तो सोलेनॉइड कायम पूर्ण करंटवर राहून जळाला तर काय होईल, वर लिहिलंय ते वाच.

केदार: करंट नाही… म्हणजे प्लेट्स कायम दाबलेल्या?

विनायककाका: बरोब्बर. मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून वळलास की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळेल. चार डॉलर वाचवायला जाशील आणि गिअरबॉक्स उघडून बसशील.

मीनाआत्या: केदार, तिकडे बर्फ सुरू झाला ना रे? चार चाकांची गाडी बर्फासाठीच घेतली होतीस.

केदार: वर डोंगरात सुरू झालाय आत्या. सप्टेंबर ते मे आय-सेव्हंटी हायवेवर मॉरिसन ते डॉटसेरो ट्रॅक्शन लॉ, म्हणजे बर्फासाठी टायरचा कायदा, असतो. ऑल-व्हील असली तरी टायरची नक्षी 3/16 इंच लागते.

विनायककाका: आणि तू तो दिवा पेटवून घाट चढणार! आत्ता जा आणि फ्यूज काढ. आणि गाडीचा एक फोटो टाक, लांबून.

केदार: 📷

विनायककाका: टपावर ती शवपेटी कसली?

केदार: रूफ बॉक्स. स्कीइंगचा. गेल्या हिवाळ्यात लावला, तेव्हापासून आहे.

विनायककाका: म्हणजे उन्हाळाभर हवेला छाती काढून फिरलास! तुमच्याच ऊर्जा खात्याच्या वेबसाइटवर आहे, मोठा रूफ बॉक्स हायवेला 6 ते 17 टक्के ॲव्हरेज खातो. शहरात 2 ते 8. तू रोज हायवेनेच जातोस ना?

केदार: जाऊन-येऊन 46 मैल. अरे देवा.

विनायककाका: टायरची हवाही बघ, सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या स्टिकरवर लिहिलंय तेवढी. आणि थंडीत थोडं पडणारच. उणे 7 ला गाव-चालीत 25 डिग्रीपेक्षा साधारण 15 टक्के कमी मिळतं, त्याला इलाज नाही. सकाळी दहा मिनिटं उभी तापवत असशील तर तेवढं बंद कर.

केदार: तापवतो. सीट गार लागते हो काका.

गौरी: बॉक्स आजच काढ ना मग.

केदार: प्रॉब्लेम आहे. आत मखर आहे.

मीनाआत्या: कुठलं मखर?

केदार: मंडळाच्या गणपतीचं. विसर्जनानंतर हॉल रिकामा करायचा होता, माझ्या गाडीवर जागा होती, म्हणून सगळ्यांनी माझ्यावर ढकललं. घडी घातलेलं आहे, पण झालर, माळा, समया सगळं आत. घरी बेसमेंटमध्ये ठेवायला आमच्याकडून परवानगी मिळालेली नाही.

विनायककाका: म्हणजे दीड महिना बाप्पाचं मखर ऐंशीच्या स्पीडने डेन्व्हरभर हिंडतंय?

केदार: पंचाहत्तर. फ्यूज काढला, दिवा गेला. बॉक्ससाठी शनिवारी मंडळाच्या दोघांना बोलावलंय. मखर त्यांच्याच गळ्यात घालतो.