काखेतील गाठीत सूक्ष्म प्रसार आढळला. रक्तातील मार्कर तपासत राहावेत का?

प्रश्न : गोदातीर, नाशिकरोड

माझ्या आईच्या (वय ५८) स्तनातील कर्करोगाच्या गाठीची शस्त्रक्रिया नुकतीच झाली. त्याच वेळी काखेतील सेंटिनेल नोड (पहिली लसिकाग्रंथी) काढून तपासला असता त्यात १.१ मिलिमीटरचा प्रसार आढळला आणि अहवालात ‘मायक्रोमेटास्टॅसिस’ अशी नोंद आली. काखेतील उरलेल्या गाठी काढण्याची गरज नाही, असे सर्जन सांगतात. आईला मात्र आत काहीतरी राहून गेले, या विचाराने झोप लागत नाही. दरम्यान एका लॅबने दर तीन महिन्यांनी सीए १५-३ हे प्रथिन आणि रक्तातील ट्यूमर डीएनए (गाठीतून रक्तात आलेला डीएनए) तपासण्याचे पॅकेज सुचवले आहे. प्रसार रेणूंवरून ओळखता येतो, असे वाचले. मग या चाचण्या कराव्यात का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणून आधी काखेविषयी लिहितो. स्तनातून निघणारा लसिकाद्रव ज्या ग्रंथीत सर्वप्रथम पोहोचतो, ती सेंटिनेल नोड. शस्त्रक्रिया चालू असतानाच ती आमच्या टेबलावर येते. तिचे साधारण दोन-दोन मिलिमीटरचे काप करून, ते गोठवून, त्यांची पातळ चकती रंगवून आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. कापाच्या आत दडलेला लहानसा पुंजका यातून सुटू शकतो, आणि ही उणीव भरून काढण्यासाठीच रेणूंवर आधारित चाचण्या आल्या. ‘ओस्ना’ या चाचणीत ग्रंथी द्रावणात पूर्ण घुसळून सायटोकेराटिन १९ या जनुकाचा एमआरएनए (जनुकाचा संदेश वाहणारा रेणू) मोजतात. तो स्तनाच्या पेशींत भरपूर असतो आणि निरोगी लसिकाग्रंथीत जवळपास नसतो, त्यामुळे तो सापडला की स्तनातील पेशी तिथवर पोहोचल्या, असे समजले जाते. दर मायक्रोलिटरमागे २५० ते ५००० प्रती म्हणजे सूक्ष्म प्रसार, त्याहून अधिक म्हणजे मोठा प्रसार. मात्र घुसळलेला भाग पुन्हा काचेवर पाहता येत नाही आणि स्तनाच्या काही थोड्या कर्करोगांत हा रेणू मुळातच नसतो. म्हणून पेशी डोळ्यांनी पाहणे मला आजही अधिक भरवशाचे वाटते.

०.२ ते २ मिलिमीटरच्या प्रसाराला आम्ही मायक्रोमेटास्टॅसिस म्हणतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयबीसीएसजी २३-०१ या अभ्यासात अशा स्त्रियांच्या उरलेल्या ग्रंथी काढल्याने रोग परतण्याचे प्रमाण कमी झाले नाही, हात सुजण्याचा त्रास मात्र वाढला. तुमच्या सर्जनचा सल्ला याला धरूनच आहे, हे आईंना जरूर सांगा.

उत्तर : निफाडकर

रेणूंच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे रक्ताच्या चाचण्यांबद्दल. सीए १५-३ हे प्रथिन यकृताच्या साध्या आजारातही वाढते आणि रोग परतूनही काही जणींत वाढत नाही. लक्षणे नसलेल्या रुग्णांत ते नियमित तपासू नये, असेच अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मार्गदर्शन आहे. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशींची गोष्ट याहून बोलकी आहे. पसरलेल्या रोगात ७.५ मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी आढळल्या तर पुढची वाटचाल कठीण असते, हे २००४ मध्येच दाखवले गेले. पण केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही ही संख्या उतरली नाही म्हणून लगेच औषध बदलून पाहिले, तेव्हा आयुष्य वाढले नाही, असे २०१४ च्या एसडब्ल्यूओजी एस०५०० अभ्यासाने सांगितले. धोका आधी कळणे आणि त्यावर काही करता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रुग्णाच्या दृष्टीने दुसरी महत्त्वाची.

ट्यूमर डीएनएच्या चाचणीकडून मला खरोखर आशा आहे, पण आईंच्या टप्प्यावर तिच्या निकालावरून उपचार बदलण्याची रीत अजून बसलेली नाही. शिवाय नाशिकला घेतलेले रक्त साध्या ईडीटीए नळीतून मुंबई-दिल्लीला गेले, तर वाटेत पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा अंश त्यात हरवतो. त्यासाठी पेशी टिकवणारी वेगळी नळी लागते. लॅबला एवढेच विचारा : चाचणी पॉझिटिव्ह आली तर डॉक्टर नेमके काय बदलतील?

उत्तर : सिन्नरची ताई

भाऊ, मी या उपचारांतून गेले आहे. तुमच्या लिहिण्यात ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरील हार्मोनचे ग्राहक) आणि हर-२ (पेशींची वाढ चालवणारे प्रथिन) यांचा उल्लेखच नाही. गोळ्या की इंजेक्शने, हे या मार्करांवरून ठरते, तेव्हा तो अहवाल आधी हातात घ्या. पहिली तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षाला मॅमोग्राफी चुकवू नका. हाडांचे सततचे दुखणे, दम लागणे, नवी गाठ असे काही जाणवले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा.

गोदातीर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. ईआर पॉझिटिव्ह आहे, हर-२ ‘२+’ असे लिहिले आहे. मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये दुसरे मत घ्यायचे झाल्यास सोबत काय न्यावे?

सूक्ष्मदर्शी

२+ म्हणजे निर्णय अजून व्हायचा आहे. फिश ही जनुकाची चाचणी करून तो लावावा लागतो, आणि हा निकाल पॅकेजपेक्षा कितीतरी तातडीचा आहे. हॉस्पिटलकडे लेखी मागणी करून मेणातील ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि त्याच्या काचा दोन्ही घ्या, ब्लॉकवरचा क्रमांक अहवालाशी ताडून पाहा. उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, मेण मऊ पडते.