मदत हवी आहे: पावसाने खाल्लेलं फणसाचं दार

देवगडजवळच्या आमच्या घराचं पुढचं दार फणसाचं आहे, दोन फळ्यांचं, पश्चिमेकडे तोंड. पावसाची झड थेट त्यावर येते आणि वर पागोळी अडवायला काही नाही. (पत्रा यंदा घालणार आहे, त्यामुळे तो सल्ला नको!)

गेल्या मे महिन्यात सुटलेला रंग पटाशीने खरवडला, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारला, भेगांत लांबी (पुट्टी) भरली, वुड प्रायमरचा एक आणि ऑइल पेंटचे दोन हात दिले. गणपतीपर्यंत फोड आले. नख लावलं तर पापुद्रा निघतो आणि खाली लाकूड दमट लागतं. चूक एक कळली: दार बिजागऱ्यांवरून उतरवलंच नव्हतं, त्यामुळे खालची कड कोरीच राहिली. तिथे आता वीतभर भाग मऊ झालाय, स्क्रूड्रायव्हर अर्धा इंच सहज आत जातो. वरचं लाकूड मात्र ठणठणीत. वाळवी नाही, ठोकून पाहिलंय.

नवीन दार करायचं नाही. काम मार्चमध्ये, हातात दहा दिवस, सुतार मिळतो. तो म्हणतो कुजका भाग कापून सागाचा तुकडा सांधू. शेजारी म्हणतात इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं भरण) भरा, स्वस्तात होईल.

ज्यांनी कोकणातल्या पावसात हे केलंय त्यांनी सांगा: फणसाला सागाचा सांधा टिकतो का, की फणसच हवा? आणि वरचा जुना घट्ट बसलेला रंगही पार लाकडापर्यंत काढावा लागेल का?