डोंगरात राजकारण आणू नका म्हणे!

पावडरवेडा (डेन्व्हर)

शनिवारी पहाटे साडेपाचला स्कीला निघूनही आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे अडकलोच. आय-७० वर लाल दिव्यांची रांग, गाडीत चौघे, थर्मासमधला चहा संपलेला. मी सहज म्हणालो की २०२५च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसची (केंद्र सरकारच्या वनखात्याची) सुमारे ३,४०० माणसं एका फटक्यात काढली, ते आपल्यालाच महागात पडणार आहे. मागच्या सीटवरून लगेच आवाज आला, "डोंगरात तरी राजकारण नको रे बाबा." मी गप्प बसलो. पण स्कीच्या बुटात मोज्याची सुरकुती राहावी तसं ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं, म्हणून हा धागा.

मुळात आपण घसरतो तो डोंगर कुणाचा? पश्चिमेकडचे बहुतेक मोठे रिसॉर्ट फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर परवाना घेऊन चालतात. लिफ्ट कंपनीची, डोंगर जनतेचा. रिसॉर्टची दोरी ओलांडली की बॅककंट्री. तिथे गस्त नाही, पहाटे स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडून ठेवणारं कुणी नाही. हाताशी काय, तर हिमस्खलनाचा रोजचा अंदाज. १ ते ५ अशी त्याची पायरी असते. नवख्यांना वाटतं माणसं ५ ला मरत असतील. अहो, ५ ला कुणी घराबाहेरच पडत नाही. सगळ्यात जास्त मरतात ती ३ ला, म्हणजे 'कन्सिडरेबल'ला. आभाळ निळं, ताजा बर्फ गुडघाभर, आणि आकडा मधलाच.

आता हा अंदाज येतो कुठून? कॉलोराडोचं केंद्र राज्य सरकारचं आहे, इतरत्र बऱ्याच ठिकाणी फॉरेस्ट सर्व्हिसचं. पण दोघांचंही पीठ एकाच, केंद्र सरकारच्या गिरणीतून येतं: नोआ या हवामान-सागर संस्थेची मॉडेल्स, हवामान खात्याचे वरची हवा मोजणारे फुगे आणि शेती खात्याची स्नोटेल यंत्रं. (ही यंत्रं स्कीवाल्यांसाठी लावलेलीच नाहीत. उन्हाळ्यात शेतीला आणि शहरांना पाणी किती उतरेल हे कळावं म्हणून ती बर्फाचं वजन घेतात. आपण आपले फुकटचे लाभार्थी.) २०२५च्या वसंतात माणसं कमी पडली म्हणून हवामान खात्याने काही ठिकाणचे फुगे बंद केले, काही ठिकाणी दिवसाला दोनाचा एक केला. "राजकारण नको" म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की तो फुगा कोण सोडणार?

मुक्त बाजार

मागच्या सीटवरचा तो मीच. नमस्कार मंडळी.

पहिली गोष्ट, काढलेल्यांपैकी बरेच जण कोर्टाच्या आदेशाने परत आले. 'एका फटक्यात काढली' म्हणून थांबायचं आणि पुढचं गिळायचं हा प्रचार झाला. दुसरी, तूच लिहिलंयस की कॉलोराडोचं केंद्र राज्य चालवतं, आणि ते देशातल्या उत्तम केंद्रांपैकी आहे हे तूच मला पन्नासदा ऐकवलंयस. मग राज्याला जमतं ना? ज्या राज्यात बर्फ त्या राज्याने बघावं. फ्लोरिडातल्या माणसाने तुझ्या उत्तरमुखी उताराचा खर्च का उचलायचा?

आणि जरा आरशात बघ. पायात हजार डॉलरच्या स्की, अंगावर आठशेचं जॅकेट, पाठीवर हिमस्खलनात फुगणारी एअरबॅग. ओमाहाच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्याच्या पगारातून तुझ्या हौसेला कापून जातं. तो कधी या रांगेत बसला होता का? तुला कुणी 'जा' म्हणून सांगितलेलं नाही.

अण्णा ओहायोकर

दोघांचं वाचलं. वय ६८, इथे ४१ वर्षं, बर्फ फक्त ड्राइव्हवेवरचा उपसला आहे. एक बाळबोध प्रश्न. पावडरवेडा, तुम्हाला मत तरी आहे का? एच-वन-बीवर असाल तर टॅक्स भरा, स्की करा आणि तोंड मिटून बसा. आम्ही तेच केलं. नागरिकत्व मिळेपर्यंत घरातसुद्धा रेगनबद्दल बोलत नव्हतो.

बाकी स्वतः होऊन कड्यावर जायचं आणि मग सुरक्षिततेवर चर्चा करायची हे मला समजत नाही. न जाणं हा सर्वांत स्वस्त बीकन (गाडलेल्याला शोधायचं ते यंत्र).

पावडरवेडा (डेन्व्हर)

अण्णा, मत नाही. अकरा वर्षं टॅक्स आहे, ग्रीन कार्डाची रांग त्या बोगद्याच्या रांगेपेक्षा लांब आहे. पण ज्याला मत नाही त्याने बोलायचंही नाही, असं घटनेत लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मुक्त्या, कोर्टाचं मान्य, लिहायला हवं होतं. पण परत आलेला माणूस आणि टिकलेला माणूस यात फरक असतो. ज्याला महिनाभर टांगून ठेवलं तो अनुभवी असला तर पहिल्या संधीला दुसरीकडे जातो. बर्फाचा अंदाज शिकायला दहा-दहा हिवाळे लागतात.

आणि राज्याचं म्हणशील, तर राज्याने फुगे सोडायचे का? उपग्रह? वायोमिंगने स्वतःचं मॉडेल चालवायचं, युटाने स्वतःचं? वादळ पॅसिफिकवरून येतं, त्याला राज्याची सीमा कुठली माहीत?

अंदाज म्हणजे हौशी लोकांचे लाड, असाच तुझा सूर आहे, म्हणून दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. बर्थुड पासजवळ, झाडी संपते तिथे, आम्ही खड्डा खणला. वरचा दीड-दोन फूट बर्फ असा घट्ट की करवतीने ठोकळा कापता आला. त्याच्या खाली, जमिनीलगत, खडीसाखर. मूठ भरली तर बोटांमधून सुळसुळ निसटते, गोळा होतच नाही. कॉलोराडोचं हे जुनं दुखणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बर्फ थोडाच पडतो. खाली जमीन शून्याच्या आसपास उबदार, वर रात्रीचं आभाळ गोठवणारं. मधल्या पातळ थरातून वाफ वर सरकते आणि कणांचे दाणे होत जातात. पुढे जानेवारीत वर कितीही चांगला बर्फ पडो, घर वाळूवरच.

मग ठोकळ्यावर फावडं पालथं ठेवून थापा मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. आमचा ठोकळा कोपराच्या दुसऱ्या थापेला सरकला. ड्रॉवर उघडावा तसा, अख्खाच्या अख्खा. सोबतचा मुलगा म्हणाला, "शिट." आम्ही स्कीला परत कातडी (घसरू नये म्हणून तळाला लावायची पट्टी) लावली आणि आल्या वाटेने झाडीतून उतरलो. तर खड्डा नेमका तिथेच खणायची बुद्धी कुठून आली? आदल्या दिवशीच्या अंदाजात दोन ओळी होत्या: झाडीच्या वर, उत्तर आणि पूर्वेकडच्या उतारांवर जुना कमकुवत थर. त्या ओळी कुणीतरी पगारावर बसून लिहिल्या होत्या.

युटावाली

मी सॉल्ट लेक सिटीत असते, इथल्या वॉसाच डोंगरांत चौदा हिवाळे झाले. दोघेही तुम्ही पैशांवर भांडताय, आणि मला वाटतं दोघांचाही निशाणा चुकलाय.

६ फेब्रुवारी २०२१, विल्सन ग्लेड, मिलक्रीक कॅन्यन. दोन वेगवेगळ्या गटांतले आठ जण एका उतारावर, चौघे गेले. बीकन होते, बर्फात खुपसून शोधायच्या काठ्या (प्रोब) होत्या, फावडी होती, अनुभव होता. अंदाजही होता, आणि तो धोक्याचाच होता. त्या हिवाळ्यात देशभरात ३७ जण हिमस्खलनात मेले, त्यातले १२ तुमच्या कॉलोराडोत. तेव्हा कुणी कुणाला नोकरीवरून काढलेलं नव्हतं. फुगेही वेळेवर जात होते. मग कसे मेले?

इअन मॅकॅमनने २००४ मध्ये सातशेहून जास्त अपघात तपासून मांडलं होतं की माणसं माहितीअभावी नाही, सवयीने फसतात. ओळखीचा उतार. ठरवलंय तर करूच. पुढे कुणाच्या तरी स्कीच्या रेषा दिसतात, म्हणजे चालतंय. गटातला एक जण 'तज्ज्ञ', मग बाकीचे डोकं गहाण टाकतात. आपल्या देशी गटांत यात अजून एक भर पडते, ती म्हणजे भिडस्तपणा. "दादा म्हणतोय तर असेल." मी स्वतः एकदा अशीच गप्प राहिले होते. उतार ३५ अंशांच्या वर होता हे मला दिसत होतं, उतार मोजायचा क्लिनोमीटर खिशात होता, पण सगळ्यांनी तासभर चढून घाम गाळलेला. मी काढला नाही. काही झालं नाही, हे सगळ्यात वाईट, कारण पुढल्या वेळी तीच गोष्ट 'अनुभव' म्हणून जमा होते.

राजकारणच बघायचं तर रिसॉर्टच्या आत बघा. युटातल्या पार्क सिटी रिसॉर्टमध्ये डिसेंबर २०२४च्या शेवटी, ऐन गर्दीत, स्की पेट्रोलचे (डोंगरावरच्या गस्तीपथकाचे) सुमारे २०० जण संपावर गेले. मागणी काय, तर सुरुवातीचा पगार तासाला २१चा २३ डॉलर करा. स्फोटकं हाताळून डोंगर मोकळा करणाऱ्या माणसाला दोन डॉलर वाढवायला कंपनीला तेरा दिवस लागले. तेव्हा बर्फ भरपूर आणि उघडे उतार मोजके. तिकीट मात्र पूर्ण.

मुक्त बाजार

युटावालींचं बरोबर आहे, म्हणजे माझंच. पैसे ओतून डोकं येत नाही. आणि संपाचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे: कामगार उभे राहिले, कंपनी झुकली, वॉशिंग्टनला कुणी फोन केला नाही.

बचावकार्याचंही बोलू. न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणे गेलात तर शोधाचं बिल घरी येतं. पंचवीस डॉलरचं कार्ड आधी घेतलं असेल तर सूट. साधा हिशोब. कॉलोराडोत मात्र कुणीही, कसाही जावो, सुटका फुकट.

कळसूबाई_१६४६

स्की आयुष्यात बघितलेली नाही, सह्याद्रीत मात्र दोर टाकून लोक काढलेत. म्हणून 'सुटका फुकट' यावर बोलतो.

ती फुकट नसते, कुणाची तरी रजा असते. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रची पोरं नोकऱ्या-धंदे सांभाळून दरीत उतरतात. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा पाण्यात शोधायला तेही होते. त्यानंतर प्रशासनाने काय केलं? पावसाळी ठिकाणांवर जमावबंदी. माणूस नेमायला पैसे लागतात, बंदीला एक कागद पुरतो. अंदाज देणारी, वाटेवर उभी राहणारी यंत्रणा नसली की सरकारकडे बंदीच उरते. तुमच्याकडे रोज सकाळी उताराची दिशा सांगून धोका कळतो आणि पुढचा निर्णय तुमच्यावर सोडतात, हे वाचून आम्हाला हेवा वाटतो. मुक्त बाजारसाहेब, स्वातंत्र्य तुम्हालाच जास्त आवडतं ना?

आणि बिलाचं म्हणाल तर एक अनुभव. खर्च लागेल या भीतीने एका ग्रुपने फोन करायला रात्रीचे दहा वाजवले. दुपारी दोनला पाय मोडला होता. आठ तासांत तीन फोनच्या बॅटऱ्या आणि सगळ्यांचं अवसान संपलं होतं.

पावडरवेडा (डेन्व्हर)

कळसूबाई, हे इथल्या बचाव पथकांचंही म्हणणं आहे, अगदी शब्दाला शब्द. ते स्वतः स्वयंसेवक असून बिलाला विरोध करतात. कॉलोराडोत त्याऐवजी छोटं कार्ड असतं, मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा पाच डॉलर होतं. तो विमा नव्हे, पथकाचा खर्च त्या निधीतून भागतो. ओमाहाचा गोदामवाला सुटला, मुक्त्या.

युटावाली, तुमचं पटतं आणि पटत नाही. पूर्ण गाडलेल्या माणसाला दहा मिनिटांत काढलं तर दहातले जवळपास नऊ वाचतात, अर्ध्या तासानंतर तिघांत एक. हेलिकॉप्टर तोवर उडालेलंही नसतं. म्हणजे तुमचा जीव शेजारच्याच्या फावड्यात आणि गटाच्या डोक्यात, हे शंभर टक्के. पण सवयीने फसणाऱ्या माणसाला थांबवायला काहीतरी बाहेरचं लागतं ना? गटात 'नको' म्हणायची भीड वाटते, तेव्हा "मी नाही म्हणत, अंदाज म्हणतोय" एवढं तरी म्हणता येतं. तुम्ही क्लिनोमीटर काढला नाहीत. अंदाजपत्र वाचून दाखवायला तेवढी हिंमत लागली नसती.

आणि ज्यांना राजकारण नको त्यांनी २०२५चा जून आठवावा. युटाचे सिनेटर माइक ली यांनी वीस ते तीस लाख एकर सरकारी जमीन विकायचा मुद्दा काँग्रेसच्या मोठ्या बजेट विधेयकात घातला होता. तो पाडला कुणी? स्कीवाल्यांनी एकट्यांनी नव्हे. शिकारी, मासेमारीवाले, रिपब्लिकन टोप्या घातलेले मोंटानाचे लोक. २८ जूनला लींनी तो मागे घेतला. डोंगरात राजकारण नको म्हणणारे त्या दिवशी कुठे होते?

मुक्त बाजार

फोनवर होतो. दोन्ही सिनेटरांच्या ऑफिसात. आपले दोघेही आधीपासून विरोधातच होते, तरी केला. जमीन विकणं वेगळं आणि खातं लहान करणं वेगळं, हा फरक तुला कधी दिसत नाही.

फुग्याचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. कंपनी सोडेलही, पण मग आकडे विकत घ्यावे लागतील, आणि तू ते घेणार नाहीस हे मला माहीत आहे. तू थर्माससुद्धा माझा वापरतोस.

युटावाली

'मी नाही म्हणत, अंदाज म्हणतोय' हे चोरतेय. रविवारी गटात एक 'दादा' आहे.

अण्णा ओहायोकर

जावयाचा डेन्व्हरहून फोन होता, नातू स्कीच्या क्लासला जातो म्हणे. वय सात. रिसॉर्टच्या आतच असतात ना हो ती मुलं?

पावडरवेडा (डेन्व्हर)

आतच, अण्णा, आणि हिरव्या पट्ट्यावर. त्या उताराला उतार म्हणणंही धाडसाचं आहे. निर्धास्त राहा.

मुक्त बाजार

शनिवारी पाचला निघू, साडेपाच उशीर होतो. आत्ता पाहिलं, झाडीच्या वर ३ दाखवताहेत, उत्तर आणि पूर्व. झाडीतच राहू. आणि बोगदा ओलांडेपर्यंत हा विषय काढायचा नाही.